डावा गाल

वरचे दात

"अहो, उघडा तोंड. लग्न झाल्यापासून कधी बंद नव्हतं, आणि आत्ताच कुलूप?" आई म्हणते.

बाबा ओठ घट्ट मिटतात. ब्रश ओठांवरच अडतो. फेस हनुवटीवर ओघळतो. मी पुसते.

रोज असंच. जेवण झालं की आई ब्रश धरते, मी वाडगा धरते, बाबा तोंड मिटतात.

अर्धांगवायूत त्यांची डावी बाजू गेली. हात, पाय, गाल. डाव्या गालात घास अडकला तर त्यांना कळत नाही. तो तिथेच कुजतो, आणि झोपेत ती घाण श्वासनळीत उतरते. मागचा न्यूमोनिया त्यानंच झाला. डॉक्टर म्हणाले, तोंड स्वच्छ ठेवा, पुढचा झेपायचा नाही.

आई हो म्हणाली. मी हो म्हणाले. येताना आम्ही मऊ ब्रश घेतला.

रडू आलं नाही. हल्ली मला काहीच येत नाही.

खालचे दात

बाबा घरोघरी विजेचे मीटर बघायचे. खिशात कायम टॉर्च. संध्याकाळी आले की,

"चला, रीडिंग."

मी आणि भाऊ आ करून उभे.

"दाढेत पालेभाजी. युनिट वाढले. परत घासून या."

"माझं काय बघता? मी काय लहान आहे?" असं म्हणत आईही आ करायची. सुटका कोणाचीच नव्हती.

जीभ

आज वाडगा कलंडला. पाणी खाटेखाली गेलं. खाटेची उजवी बाजू भिंतीला लागलेली, म्हणून ती ओढून खोलीच्या मधोमध आणली आणि फरशी पुसली. परत लोटायचा कंटाळा आला.

"राहू दे गं," आई म्हणाली. "कोण येतंय बघायला."

मी जिथे होते तिथेच टेकले. भिंतीकडच्या बाजूला. ब्रश उचलला.

बाबांनी ब्रशकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत ब्रशकडे.

आणि आ केलं.

इतके दिवस आम्ही डावीकडून येत होतो. हातापायासारखी त्यांची डावीकडची जाणीवही गेली होती; त्यांच्या लेखी तिकडे काही नाहीच. ना खोली, ना आई, ना मी. कुठूनतरी एकदम काहीतरी ओलं ओठांवर येऊन आदळायचं. कोणीही तोंड मिटेल.

आनंद वगैरे झाला नाही. मी घासत राहिले.

"उघडलं की," आई म्हणाली. शेजारचं दार उघडल्यासारखं.

बाबांचा टॉर्च लावला. डाव्या गालात बिस्किटाचा लगदा. सकाळचा. बोटाला फडकं गुंडाळून काढला. आईनं वाडगा पुढे केला.

चूळ

चूळ भरता येत नाही, ठसका लागतो. ओलं फडकं फिरवलं, झालं.

मी टॉर्च ठेवणार तर बाबांनी तो उजव्या हातानं धरला. सोडेनात. माझ्या तोंडाकडे वळवला.

"अंऽ," म्हणाले.

"रीडिंग म्हणतायत," आई म्हणाली.

"माझं काय बघायचंय आता?"

"कर की आ. तुझं काय जातंय."

मी आ केलं. उजेड दातांवरून सरकत मागे गेला. माझ्या डाव्या दाढेवर थांबला. हलेना.

आई वाकली. "अगं बाई, केवढं काळं झालंय. कधीपासून?"

बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हापासून. मी माझा ब्रश उचलून परत ठेवायचे. कधी तेही नाही.

"दुखत नाही," मी म्हणाले. खरंच दुखत नव्हतं. मी त्या बाजूनं चावतच नव्हते.

"अंऽ," बाबा म्हणाले. हे मला कळलं. परत घासून ये.

मोरीत गेले. पेस्ट घेतली. घासलं. थूक लाल आली. नळाचं पाणी तोंडात घेतलं आणि दाढ कानापर्यंत ठणकली. बेसिन धरून उभी राहिले. बराच वेळ.

"मेलीस का आत?" आईनं हाक मारली. "त्यांचा हात दुखेल."

बाहेर आले. टॉर्च चालूच होता. मी खाटेच्या उजवीकडे जाऊन बसले आणि आ केलं.