तोर्लेइव्हचा चढा सूर

"परत लाल!" गुन्वोरने फिडलवरचा गज उचलला. टेबलावरचं सूर मोजायचं यंत्र तिच्याकडे डोळे वटारून बघत होतं. सूर नेमका लागला तर हिरवा दिवा, हलला तर लाल.

आमच्या खोऱ्यात नवरी चर्चला निघाली की तिच्यापुढे फिडल वाजवत चालायची रीत आहे. लेकीच्या लग्नात गुन्वोरचा नवरा तोर्लेइव्ह वाजवणार होता, पण मागच्या हिवाळ्यात तो गेला. दुसरा वादक सहज मिळाला असता. गुन्वोर मात्र हट्टाला पेटली. जन्मभर शाळेची बस चालवलेली ही बाई साठीला टेकल्यावर नवऱ्याचं फिडल घेऊन बसली. बोट कुठे टेकायचं ते कळावं म्हणून तिने तारांखालच्या नक्षीदार पट्टीवर चिकटपट्टीचे तुकडे लावले. सुरुवातीला तर मांजरही घर सोडून जायचं. पण बाई चिवट. एकेक सूर घोटून घोटून तिने यंत्राला नमवलंच.

लग्नाच्या आदल्या दुपारी तिने लेकीसमोर अख्खी चाल वाजवली. शेवटपर्यंत हिरवा दिवा.

"काय, कसं वाटलं?"

इंगेब्योरच्या हातातलं वॅफल तसंच राहिलं होतं. "छान, आई. एकही सूर चुकला नाही."

"मग तोंड का पाडलंस?"

"बाबाचं वाटत नाही गं. चाल वर जाताना तो एक सूर जरा चढा घ्यायचा ना?"

"जरा? कान किटायचे! जन्मभर टोकलं मी त्याला. म्हणायचा, ब्रेक तुझ्या बसला असतात, माझ्या बोटाला नाहीत."

"मला तोच हवाय."

"आत्ता सांगतेस? उद्यावर लग्न आलंय, बये!"

गुन्वोरने फणकाऱ्याने त्या सुराची चिकटपट्टी ओढून काढली आणि ती थबकली. चिकटपट्टीच्या पुढच्या कडेखाली पट्टीवरची नक्षी झिजून बारीकसा खळगा पडला होता. वर्षानुवर्षं तिथेच, अगदी तिथेच बोट टेकलं होतं त्याने. म्हणजे चुकत नव्हता तो, मुद्दामच चढा घ्यायचा. आणि आपण त्याला जेवतानासुद्धा टोमणे मारले! तिला रडूच फुटलं.

मग नाक पुसून तिने खळग्यात बोट ठेवलं आणि गज ओढला.

दिवा लाल झाला. इंगेब्योरने हात लांब करून यंत्र पालथं घातलं.

"अजून एकदा वाजव, आई."