साफ मनाची झोप

पेडगावच्या मारुतीच्या पारावर विष्णुपंत गुरुजींनी जन्मभर एकच पाठ घोटून घेतला. ज्याचं मन साफ, त्याला पाठ टेकली की झोप. ज्याला झोप नाही, त्याच्या मनात पाप. शाळा सुटली, पेन्शन सुरू झाली, पण पाठ काही सुटला नाही. ऐकणारे माना डोलवायचे आणि विमलबाई घरात भाकरी थापता थापता नाक मुरडायच्या. नवरा झाला म्हणून काय झालं, उथळ पाण्याला खळखळाट फार, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

मेंढरं राखणारा दत्तराव एकदा पारावर बोलून गेला, की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, तळपायाची आग होते, सारखं लघवीला उठावं लागतं. बिचारा उपाय विचारायला आला होता. गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, "कुणाचं मेंढरू लंपास केलंस दत्तराव, आठवून बघ." पार खदखदून हसला. दत्तरावानं टोपी सारखी केली आणि निघून गेला, तो पुन्हा पाराकडे फिरकला नाही. पुढं परभणीच्या डॉक्टरनं त्याला शुगर सांगितली. गुरुजी म्हणाले, डॉक्टर लोक पापाला नवं नाव देतात, दुसरं काय. विमलबाईंना त्या दिवशी नवऱ्याची लाज वाटली, अगदी पोटातून.

आणि आता गुरुजींचीच झोप उडाली. सांगणार कोणत्या तोंडानं? मग सुरू झालं घोरायचं सोंग. विमलबाईंना अंधारात हसू यायचं. खरा घोरणारा माणूस मधेच थांबून तांब्याभर पाणी पीत नाही, मोरीकडे जात नाही, आणि परत येऊन जिथं सोडलं तिथून पुढं घोरायला लागत नाही. सकाळी विचारावं, तर भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तहान लागली, कुत्रं भुंकलं म्हणून बघायला उठलो. रक्त तपासून घ्या म्हटलं की, मला काय धाड भरलीय?

मोरीत मुंग्या व्हायला लागल्या. गुरुजींनी दुकानातून मुंग्यांचा खडू आणला. हातात खडू आल्यावर काय विचारता, जुना हुरूप आला. रोज मोरीच्या कडेनं रेघा ओढायच्या आणि सुनेला, वैदेहीला, झापायचं, की साखर-गूळ सांडता कशाला. मोरीत कोण मेलं साखर सांडतंय? लघवीला मुंग्या लागल्या की काय समजायचं, हे विमलबाईंच्या आईला अक्षरओळख नसून ठाऊक होतं. त्यांनी ते तोंडावर सांगितलं. गुरुजींनी त्याला अडाणीपणा म्हटलं आणि आणखी एक रेघ ओढली.

एका सकाळी गुरुजी ओसरीवर खुर्चीत पेपर वाचत बसले होते, पाय पुढं पसरून. चहा द्यायला आलेल्या विमलबाई जागीच थबकल्या. मोरीतून निघालेली लाल मुंग्यांची रांग खुर्चीपर्यंत आली होती. चप्पल लागून काळा पडलेला गुरुजींचा अंगठा मुंग्यांनी भरून गेला होता, त्या चांगल्या कडकडून चावत होत्या. आता पाय झटकतील, मग झटकतील, म्हणून विमलबाई बघत राहिल्या. गुरुजींनी पान उलटलं. इतक्या वर्षांचा राग क्षणभर कुठल्या कुठं गेला.

"अहो, पायाकडे बघा," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसं पाहिलं.

परभणीच्या दवाखान्यात नेमका दत्तराव बाकड्यावर बसलेला. डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे, पायाची आग किती दिवस होत होती. गुरुजींची नजर उघड्या दाराकडे गेली. झोप शांत लागते, म्हणाले. जीव पायात अडकलाय आणि याला अजून पाराची पडलीय! विमलबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी सगळं ओकून टाकलं: घोरायचं सोंग, पाणी, मोरी, मुंग्या, खडू. आवाज मुद्दामच खाली ठेवला नाही. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल. लवकर आला असतात तर वाचला असता. आता पाय वाचवायचा बघू.

बाहेर आल्यावर दत्तरावानं सरकून जागा करून दिली. गुरुजी टेकले. मग दत्तराव हळूच म्हणाला, "गुरुजी, मेंढरू कुणाचं हुतं?"

विमलबाईंनी त्याला अडवलं नाही. गुरुजींनी मान वर केली, परत खाली घातली.

"कळ येत नाही रे, दत्तराव," ते पुटपुटले. "एवढ्या मुंग्या चावल्या, पण कळच येत नाही."

विमलबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"ती तुम्हाला पहिल्यापासूनच येत नव्हती," त्या म्हणाल्या.