दादाच्या माफीचा भाव

सत्तेवरून पायउतार झालेल्या मुख्यमंत्रिसाहेबांचा खास सचिव चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला बसला, तेव्हा आमच्या लॉन्ड्रीत टीव्ही चालू होता आणि मी एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरशी झगडत होते. सचिव स्वतःच लाचखोरीत शिक्षा भोगत होता. त्याला तुरुंगातून आणलं होतं, पण केस असे चापूनचोपून बसवलेले की जणू सासुरवाडीलाच निघालाय. माइक जवळ ओढून तो म्हणाला, "शिक्षामाफीच्या यादीतलं एकही नाव फुकट आलेलं नाही."

संध्याकाळी साहेबांच्या माणसांनी सांगितलं की हा खोटारडा आहे, स्वतःची शिक्षा कमी करून घ्यायला बरळतोय. दुसऱ्या दिवशी त्याचाच जुना कारकून म्हणाला की याच्या हातात पाच-सहा फाइली होत्या, बाकीच्या याने डोळ्यांनी पाहिल्याही नाहीत. झालं, लोकांत दोन तट पडले. एक म्हणे, गुन्हेगारच तो, खरं कशाला बोलेल? दुसरा म्हणे, गुन्हेगार आहे म्हणून तर त्याला सगळं आतलं माहीत. आमच्या गल्लीत मात्र दोन्ही तटांचं एका गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे लॉन्ड्रीवाल्यांचे हात वरपर्यंत पोचलेत.

कारण त्या यादीत माझा दादा होता. सात वर्षांपूर्वी दारू पिऊन टेम्पो चालवताना त्याने व्हायोलिन शिकवणाऱ्या एका मास्तरांना उडवलं. मास्तर वाचले, पण डाव्या हाताची बोटं पुन्हा तारांवर चालली नाहीत. दादाला सहा वर्षांची शिक्षा झाली. चार भोगून झाल्यावर उरलेली माफ झाली, ती मी केलेल्या अकराव्या अर्जावर. वरपर्यंत हात कसले डोंबलाचे! सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी माझी टपालपेटीपर्यंत.

लोक चिडले असते तर मी दोन हात केले असते. ते गोड वागायला लागले, त्याला काय करणार? समोरचा चष्मेवाला दादा सुटून आल्यापासून त्याच्याकडे बघतही नव्हता, तो आता रस्ता ओलांडून नमस्कार करायला येई. त्यात आमचा नियम असा की कपड्यांच्या खिशात काही सापडलं तर ते पाकिटात घालून कपड्यालाच टाचून परत द्यायचं. हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्या आठवड्यात खिशाखिशांतून अर्ज निघाले. कुणाला मेहुणा सोडवायचा होता, कुणाला भाचीची बदली हवी होती, एकाला तर शेजाऱ्याचं कुत्रं दुसरीकडे हलवून हवं होतं. मी इमानेइतबारे टाचून परत देत होते, आणि लोक डोळा मारून म्हणत, "राहू द्या ताई, सावकाश बघा."

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. चष्मेवाल्याने तिसऱ्यांदा त्याच्या मेहुण्याच्या सुटकेचं काढलं, तेव्हा मी चेहरा गंभीर करून म्हटलं, "बघते वर बोलून." माझी जीभ म्हणजे ना! पलीकडे दादा पँटींना वाफ देत होता. त्याने ते ऐकलं.

त्या दिवसापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. चौथ्या दिवशी दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि विचारलं, "खरं सांग. कुणाला काय दिलंस?"

मी थट्टा केली होती, चष्मेवाल्याची जिरवायला बोलले होते, हे सगळं सांगितलं. आईची शपथ घेतली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला त्यातलं काही पटलं नाही.

"अगं, कुणीतरी माझा कागद वाचला आणि म्हणालं, पुरे झालं याला. एवढ्या एका गोष्टीवर मी रोज सकाळी उठतो. ते विकत आणलेलं असेल तर माझी दोन वर्षं बाकी आहेत. मी परत जाऊन ती भोगेन."

तो ते करेल हे मला माहीत होतं.

जखमी माणसाचं लेखी 'हरकत नाही' असल्याशिवाय माफीचा अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे विचारायचं तर एकाच माणसाला, आणि दादा त्याच पावली निघाला. मी मागोमाग धावले.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहत होते. दार त्यांनीच उघडलं. उजव्या बाहीचं बटण उघडंच होतं, डाव्या हाताने लागलं नसेल. दादाला त्यांनी तत्क्षणी ओळखलं. मला वाटलं, आता दार तोंडावर आपटणार.

"मास्तर," दादा म्हणाला, "माझ्या कागदावर सही करायला तुम्हाला कुणी काही दिलं का?"

"टीव्ही मीही बघतो," मास्तर म्हणाले. "ही तुझी बहीण तीनदा आली. दोनदा मी हिला हाकललं. तिसऱ्यांदा सही केली, पण हिच्यासाठी नाही, आणि तुझ्यासाठी तर नाहीच. रोज सकाळी तू आत आहेस हे आठवत उठायचा मला कंटाळा आला होता. चार वर्षं खूप झाली." मग ते एक पाऊल पुढे आले. "आणि एक ऐकून ठेव. सरकारने तुला माफ केलं असेल, मी केलेलं नाही. करणारही नाही."

दादा मान खाली घालून "हो" म्हणाला. दार लागलं.

जिन्यात मला रडू फुटलं. सात वर्षांनीही त्या माणसाचा राग तसाच होता, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. दादा दोन पायऱ्या खाली थांबला होता. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "माफ नाही केलं म्हणाले. काही घेतलेला माणूस असं तोंडावर बोलेल का?"

मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने माझा हात धरला आणि आम्ही खाली उतरलो.