पडद्याआडच्या आजी

मी एक जुना आडपडदा आहे. दवाखान्यात खाटेभोवती उभा करतात ना, चाकांचा, तीन चौकटींचा, फिकट हिरव्या कापडाचा, तोच. सध्या माझा मुक्काम अडगळीच्या खोलीत आहे. मुक्काम कसला, कोंडवाडाच तो. पुढून एका मोडक्या खाटेने मला भिंतीशी दाबून धरले आहे, मागून भिंतीची ओल कापडात चढते आहे आणि माझे एक चाक फरशीच्या फटीत रुतून बसले आहे. दार कधीतरी उघडते. वाटते, आता कोणीतरी आपल्याला बाहेर काढील. तेवढ्यात आणखी एक तुटकी खुर्ची आत येते आणि दार लागते.

मित्रांनो, अडकून पडणे म्हणजे काय, हे मला इथे येण्याआधीच कळले होते. एका आजींमुळे कळले. पण आधी माझी ओळख करून देतो, नाहीतर म्हणाल, म्हातारा मधूनच सुरू झाला.

पोकळ लोखंडी नळ्या वाकवून मला घडवले, वर पांढरा रंग दिला. माझे कापड शिवणारा बहुधा घरी जायच्या घाईत होता, कारण मधल्या कापडाची शिवण सरळ निघाली आणि अर्ध्यावर रस्ता चुकली. तशा वाकड्या शिवणीनिशी मी बायकांच्या मोठ्या वॉर्डात रुजू झालो. रोग्याची लाज राखणे हे माझे काम. अंग पुसायचे असो, कपडे बदलायचे असोत, की कुणी शेवटचा श्वास घेत असो, मला बोलावणे यायचेच. त्या शेवटच्या कामामुळे माझे नाव मात्र खराब झाले. माझ्या चाकांची करकर ऐकली की सगळ्या बायका गप्प होत आणि मी कुणाच्या खाटेकडे चाललो आहे ते पाहत. साधे अंग पुसायला आलो आहे, हे ओरडून सांगावेसे वाटे. पण कापडाला कुठले तोंड?

माझ्या आत रोगी आणि परिचारिका, एवढ्यांनाच जागा. त्यामुळे परिचारिकांचे काम मी जितके जवळून पाहिले, तितके त्यांच्या घरच्यांनीही पाहिले नसेल. त्यांचे घड्याळ मनगटावर नसते, छातीवर उलटे टांगलेले असते. आपल्याला उलटे, पण मान खाली घातली की त्यांना बरोबर सुलटे दिसते. हात दिवसभर कोपरापर्यंत धुवायचे, मग मनगटावर घड्याळ ठेवून चालेल कसे? चादरीला त्या एक सुरकुती राहू देत नाहीत. तुम्ही म्हणाल, काय ही टापटीप. पण जो हलू शकत नाही, त्याला ती सुरकुतीच सोलून काढते. म्हणून त्या चादर ताणतात आणि अशा रोग्याला ठरल्या वेळी कुशीवर वळवतात. आणि "आज वॉर्ड शांत आहे" असे कधी म्हणत नाहीत. चुकून कोणी म्हणालेच, तर बाकीच्या तिला खाऊ की गिळू अशा बघतात, कारण म्हणायचा अवकाश, दारात स्ट्रेचर हजर.

आणखी एक गोष्ट. रोग्याला सांगितल्याशिवाय त्या हात लावत नाहीत. तो बेशुद्ध असला तरी. बाकी सगळे बंद झाले तरी कान जागे असू शकतात, असे त्यांना शिकवलेले असते. मी तर एका परिचारिकेला गेलेल्या बाईचे अंग पुसताना "आता डावा हात पुसते हं" म्हणताना ऐकले आहे.

या बोलण्यात एकीचा हात धरणारे कोणी नव्हते. वॉर्डाने तिचे नाव रेडिओ सिस्टर ठेवले होते. एक बाई म्हणायची, "सिस्टर, तिकडची बेशुद्ध आहे का तुमच्या बोलण्याने झोपलीय?" सिस्टर हसून म्हणायची, "झोपली तर बरंच आहे, तुम्हीही झोपा."

त्या आजी वॉर्डात आल्या त्या डोक्यात रक्ताची गाठ होऊन. हात हलेना, पाय हलेना, जीभ हलेना. डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने तपासले. "आजी, बोट हलवा. जीभ बाहेर काढा." काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी त्यांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितले, की आजींना काही समजत असेल असे वाटत नाही.

आजींची खाट कोपऱ्यात होती, म्हणून मला तिथेच कायमचे उभे केले. आजींचे तोंड माझ्याकडे. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते, हे मला मुलीच्या बोलण्यातून कळले. आणि त्यांची नजर रोज माझ्या शिवणीवरून वरून खाली यायची, जिथे ती वाकडी झाली होती तिथे थांबायची, पुन्हा वर जायची. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. ज्याला काही समजत नाही, तो दुसऱ्याच्या शिवणीतली चूक कशी काढेल?

रोज सकाळी सिस्टर पाण्याचे भांडे माझ्याजवळच्या स्टुलावर ठेवायची आणि खाटेकडे पाठ करून कापड पिळायची. पिळता पिळताच म्हणायची, "डोळे मिटा आजी, तोंड पुसते." आजी डोळे मिटायच्या. सिस्टर वळेपर्यंत डोळे मिटलेलेच असत, त्यामुळे तिला त्यात नवल वाटत नसे. मला मात्र दिसत होते. सांगण्याआधी उघडे, सांगितल्यावर मिटलेले. त्या आत होत्या, मित्रांनो. दाराला कडी लावून कोणी विसरून जावे तशा त्या आत होत्या, आणि हे माहीत असणारा जगात मी एकटा, तोही मुका. माझ्या नळ्या आतून तापल्यासारख्या वाटायच्या.

शनिवारी मुलगी आणि मुलगा आले. गावाबाहेर एका संस्थेत अशा रोग्यांना ठेवून घेतात, तिथे आजींना सोमवारी हलवायचे ठरले होते. औषध-पाणी मिळेल, पण तिथे कोणी काही शिकवत नाही, कोणी काही शोधत नाही. आजी तिथे गेल्या असत्या तर त्यांची कडी कायमची लागली असती. मुलगी वाईट नव्हती. नोकरी, घरी दोन पोरे आणि इथे रोजच्या फेऱ्या, यांत तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. लोकांना वाटते कापड म्हणजे भिंत. माझ्या पलीकडे उभी राहून ती भावाला म्हणाली, "खरं सांगू? त्याच दिवशी सुटली असती तर बरं झालं असतं. तीही सुटली असती आणि मीही."

"अगं, हळू बोल."

"कोण ऐकतंय इथं?"

ते गेल्यावर आजींच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत राहिले. सिस्टरने ते पुसले. "डोळे चुरचुरतात ना आजी? थेंब घालते हं," म्हणाली. मी फाटलो असतो तर बरे झाले असते. निदान फाटल्याचा आवाज झाला असता.

रविवारी सकाळी आजींच्या हाताची शीर सुजली, म्हणून सलाईन दुसऱ्या हाताला लावले. सलाईनचा खांब माझ्या बाजूला आला आणि स्टुलाची जागा गेली. सिस्टरने भांडे पलीकडे, उशाजवळच्या छोट्या कपाटावर ठेवले. आता कापड पिळताना तिचे तोंड आजींकडे होते. सवयीने ती म्हणाली, "डोळे मिटा आजी."

आजींनी डोळे मिटले.

सिस्टरचे हात तसेच राहिले. कापडातले पाणी भांड्यात ठिबकत होते. "उघडा," ती म्हणाली. डोळे उघडले. "वर बघा." नजर वर गेली.

"आजी, तुम्हाला मी बोलते ते कळतंय? हो असेल तर डोळे मिटा. नाही असेल तर वर बघा."

आजींनी डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ मिटूनच ठेवले.

"आणि मी रोज तुमच्याकडे पाठ करून उभी," सिस्टर म्हणाली आणि तशीच ओल्या हातांनी डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टर आले, खाली वाकून स्वतः विचारू लागले. दुखते का, तहान लागली का, आज तुम्ही घरी आहात का. एकही उत्तर चुकले नाही. त्यांनी सोमवारचे जाणे तिथल्या तिथे रद्द केले. अक्षरांचा तक्ता आणू, डोळ्यांनी बोलायला शिकवू, म्हणाले.

संध्याकाळी मुलगी आईचे कपडे भरायला बॅग घेऊन आली. सिस्टरने तिला खाटेशी नेले, खूण समजावली. मुलीने बॅग खाली ठेवली. आधी आनंदाने तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला कळले तिला काय आठवले ते.

"आई, मी काल बोलले ते... तू ऐकलंस?"

रेडिओ सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदा काही न बोलता निघाली. जाताना माझी चौकट तिने हळूच ओढून घेतली. आत त्या दोघी उरल्या आणि मी.

आजींनी वर पाहिले. नाही.

"खरंच नाही?"

आजी वरच पाहत राहिल्या. मुलगी त्यांच्या छातीवर डोके ठेवून रडली. ती शांत होईपर्यंत आजींनी डोळे एकदाही मिटू दिले नाहीत, पाणी भरून आले तरी.

पुढे छताला पट्ट्या बसवल्या, त्यांवर सरकते पडदे आले आणि माझी इथे रवानगी झाली. मला बाहेर काढा, असे मी म्हणणार नाही. जुन्या सामानाने तेवढी आशा धरू नये. पण मित्रांनो, कुणा आजाऱ्याला भेटायला गेलात, तर आधी त्याला हाक मारा, हात लावण्याआधी सांगा, आणि त्याच्या उशाशी जपून बोला. कारण तो ऐकत असतो, आणि तुमचे काही लागले असेल, तर बरा झाल्यावरही तो तुम्हाला 'नाही, ऐकले नाही' असेच सांगेल.