दहापैकी दहा

हे काम जमलं तर भाचीची नोकरी कायम होणार होती, पगार दीडपट, आणि मामांच्या ट्रस्टमध्ये 'आमची पोरगी'ऐवजी 'मॅडम' अशी हाक. नाही जमलं तर आईच्या तोंडून "माझ्या भावापुढे मान खाली घालायला लावलीस" हे वर्षभर फुकट.

काम एवढंच, की ट्रस्टच्या देणग्यांचं पुढे काय होतं ते तपासायचं. मामा दरवर्षी संस्थांमार्फत व्हीलचेअर देत. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांच्या दिवंगत आईच्या नावाची पितळी पाटी. भाचीने नवीच टूम काढली. आजवर आपण संस्थांना गुण दिले, आता त्यांनी ट्रस्टला द्यावेत.

सगळ्यांनी दहापैकी दहा दिले. मामा खूश. भाची मात्र खट्टू. एवढी स्तुती तर सख्ख्या मावशीही करत नाहीत. ती खुर्च्या वाटणाऱ्या संस्थेत जाऊन थडकली.

तिथल्या बाई खमक्या. म्हणाल्या, "दहा दिले, कारण अकराची सोय नव्हती. पुढच्या वर्षीचा चेक तुमच्याच हातात ना, बाळा?" मग त्यांनी मागची खोली उघडली. परत आलेल्या खुर्च्या दाटीवाटीने उभ्या होत्या. टायर बसलेले, बेअरिंगं गेलेली, पाट्या लखलखीत. "नव्या खुर्चीला पैसे मिळतात गं. टायरला कोण देतो? त्यावर पाटी कुठे लावणार? पण माझं नाव घेऊ नकोस हं, संस्थेला कुलूप लागेल."

भाचीने मामांना सगळं सांगितलं, नाव घेतलं नाही.

"कोण बोललं हे?" मामा कडाडले.

"मीच बोलतेय. खुर्च्या किती दिल्या ते आपण मोजतो. त्यांत बसतं कोण, हे कधी विचारलंय?"

"फार शहाणी झालीस!" म्हणत मामांनी स्वतःच खुर्ची मिळालेल्यांच्या यादीतल्या एका गृहस्थांना फोन लावला.

"खुर्ची ना? आहे की," पलीकडून उत्तर आलं. "झकास कपडे वाळतात तिच्यावर."

मामांनी फोन ठेवला. त्यांच्या आईला शेवटी शेवटी पलंगापासून खिडकीपर्यंतही जाता येत नव्हतं. त्यांनी ट्रस्टची हिशोबाची वही पुढे ओढली.

"दुरुस्तीला पैसे कुठून काढू? नव्या खुर्च्यांचा शब्द देऊन बसलोय. शिल्लक म्हणशील तर तुझ्या नोकरीची तरतूद तेवढी आहे."

"मग ती काढा."

"आणि तुझ्या आईला काय सांगू?"

"सांगा, तिच्या आईच्या खुर्च्या आता चालतात."

बाईंची मागची खोली रिकामी झाली. टायर, बेअरिंगं आणि मिस्त्रीची मजुरी भाचीच्या नोकरीच्या तरतुदीतून भागली. ती तात्पुरतीच राहिली. तिचा जुना पगारही त्याच तरतुदीतला, तो मामांनी स्वतःच्या खिशातून दिला, आणि बहिणीची बोलणीही त्यांनीच खाल्ली. अहवालात मात्र सगळा खर्च ट्रस्टने केला असं छापलंय.