भिंतीला दुमडणारं टेबल

विट्याजवळच्या आमच्या गावात बंगले मोठे आणि माणसं थोडी. कारण गलाई. जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं दुकान ज्याचं मदुराईत, त्याचा तीन मजली बंगला इथं. मालक तिकडं दुकानामागच्या खोलीत अंग चोरून झोपतो आणि इकडं बायको संगमरवरी जिना पुसते. याला आम्ही प्रगती म्हणतो.

पृथ्वीराजचं असंच होतं. त्याची बायको प्रियदर्शनी लग्नापासून म्हणत होती, मला मदुराईला न्या. त्याचं उत्तर ठरलेलं. खोली लहान आहे, खाट आणि टेबल टाकलं की पाय ठेवायला जागा उरत नाही, तुला ठेवू कुठं? उत्तर खरं होतं, हीच पंचाईत. खोट्या उत्तराशी भांडता तरी येतं.

एका दुपारी तिला मोबाईलवर एक माणूस सापडला. स्वच्छ एप्रन घातलेला तो हिंदी बोलणारा गृहस्थ नवशिक्यांना घर सजवायला शिकवायचा. खुंट्यांची पट्टी, कोपऱ्यातली फळी, आणि भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल. जेवायचं तेव्हा खाली पाडा, झोपायचं तेव्हा वर उचला. ‘छोटे कमरे के लिए,’ असं तो म्हणाला आणि प्रियदर्शनीनं विट्याहून करवत, रंधा आणि बिजागऱ्या आणल्या.

पहिली फळी तिरकी बसली. देवापुढचा नारळ तिच्यावरून घरंगळत सासूच्या पायाशी आला. टेबलाच्या बिजागऱ्या पहिल्यांदा उलट्या लागल्या, त्यामुळं ते खाली पडायच्या ऐवजी वरच जाऊ लागलं. आळीतल्या बायकांनी विचारलं, एवढ्या बंगल्यात सुतार बोलवायला काय झालं? तिनं कुणाला कारण सांगितलं नाही.

सासूला मात्र सांगायची गरज पडली नाही. तिनं, मनुबाईनं, तरुणपण मदुराईच्या त्याच खोलीत काढलेलं. पृथ्वीराजचा जन्मही तिथलाच. गलाईच्या दुकानात केर टाकत नाहीत, त्यात सोन्याचे कण असतात. ती सवय तिला अजून होती. सुनेच्या पायाखालचा भुसा ती झाडून पिशवीत भरून ठेवायची. एकदा पिशवी बांधता बांधता तिनं आपणहून विचारलं, माप कुठनं घेतलंस?

प्रियदर्शनी म्हणाली, अंदाजानं.

मनुबाई उठली, हॉलमधल्या भिंतीला हात लावून उभी राहिली आणि डोळे मिटून कोपरापासून बोटांपर्यंत मोजत गेली. इथं दार. इथं नळाचा पाईप. इथनं खिडकीपतूर एवढं. सून गेली तर एवढ्या घरात आपण एकटी उरणार, हे म्हातारीला कळत नव्हतं असं नाही. तरी माप तिनं बरोबर दिलं.

दिवाळीला पृथ्वीराज आला. सोनं पारखणारा माणूस, कौतुक हात राखून करायचा. त्यानं टेबल पाडलं, उचललं, परत पाडलं. फळीच्या कडेवरून नख फिरवून बघितलं. आणि म्हणाला, हे मदुराईच्या भिंतीला बसंल की गं.

ती म्हणाली, त्याच्यासाठीच केलंय.

त्यानं आनंदानं मान हलवली. भाऊबीज झाल्यावर टेबल, फळ्या, खुंट्या सगळं चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर नीट आडवं ठेवलं. प्रियदर्शनीची बॅग भरून दाराशी होती. तिच्याकडं बघून त्यानं विचारलं, माहेरी निघालीस व्हय?

तिनं सांगितलं. आता खोलीत जागा होईल. आपण दोघं मावू.

“जागा व्हईल, खरं हाय,” पृथ्वीराज समजुतीनं म्हणाला. “म्हणून तर कामावर आणखी दोन गडी घेतोय. त्यांची निजायची सोय न्हवती, ती तू केलीस. लय हुशार हायस, प्रिया.”

गाडी गेली. टेबलाला सीट मिळाली, तिला नाही. बॅग आत नेताना मनुबाई म्हणाली, “आमच्या टायमाला त्या खोलीत कायसुदिक न्हवतं. म्हणून तर माणूस मावलं.”

आठवड्यात मोबाईलवर फोटो आला. टेबल भिंतीला अगदी चपखल. त्यावर तीन ताटं, भोवती पृथ्वीराज आणि दोन गडी हसत बसलेले. फळीवर त्यांच्या पेट्या, खुंट्यांना त्यांचे शर्ट. मागोमाग पृथ्वीराजचा फोन आला. समोरच्या भिंतीला असंच आणखी एक कर, म्हणजे एक गडी अजून वाढवता येईल. गावाकडून येणाऱ्या गाडीबरोबर धाडून दे.

प्रियदर्शनी बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी लाकूड आणलं. एव्हाना तिचा हात बसला होता, रंध्याखालून लाकडाचा पापुद्रा अखंड वळ्या होऊन निघत होता. मनुबाई नेहमीप्रमाणं केरसुणी घेऊन आली आणि समोरच्या भिंतीचं माप सांगू लागली.

“ऱ्हाऊ द्या, आत्या,” प्रियदर्शनी म्हणाली आणि फळीवर तिनं स्वतःच पेन्सिलीनं रेघ मारली.

म्हातारीनं रेघ बघितली. वीतभर जास्त होती. एवढं लांब टेबल त्या खोलीत पाडलं की दाराला अडकून बसेल, मग ना टेबल उचलेल ना दार उघडेल, आणि आतला माणूस आतच राहील.

“चुकतंय, पोरी.”

“व्हय,” प्रियदर्शनी म्हणाली आणि करवत लावली.

मनुबाईनं केरसुणी ठेवली आणि फळीचं दुसरं टोक हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं.