मऊ केसांचा चटका

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे, पण चित्रे काढणारा नव्हे. माणसाच्या तळहातावरून हळूच फिरणे हेच माझे काम. माझे केस बकरीचे, दांडा बर्चच्या लाकडाचा. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर एका इस्पितळात हाताच्या शस्त्रक्रिया होतात, तिथे माझे आयुष्य गेले.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. बोटे वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांसोबत त्यातून एक मज्जातंतू जातो. तिथे दाटी झाली की तो चेपतो. मग कुणाची बोटे बधिर होतात, तर कुणाचा मज्जातंतू खोटे निरोप धाडू लागतो. मऊ स्पर्श झाला तरी 'भाजले' असे सांगतो. तो खोटेपणा मी पकडत असे. पुढे विजेची यंत्रे आली, ती सगळे आकड्यांत सांगू लागली आणि माझी रवानगी खणात झाली.

एका सकाळी खण उघडला. समोर मासळीच्या कारखान्यात सुरी चालवणारी बिर्थे बसली होती. तिचा मज्जातंतू थोडासाच चेपलाय, असे यंत्राने सांगितले होते. अशांना मनगटाला पट्टा बांधून घरी पाठवत. पण पट्ट्यावर विसंबून राहिल्याने मज्जातंतू आणखी निकामी झाला, तर हाताची ताकद कायमची जाण्याची भीती होती.

"दुखतंय का?" डॉक्टर आग्नेटे यांनी विचारले.

"चाललंय."

"डॉक्टरबाई, हिच्या बोलण्यावर जाऊ नका," तिचा नवरा होल्गर म्हणाला. "घराला आग लागली तरी ही म्हणेल, आज जरा उबदार आहे."

"तू गप्प बस. तुझ्या कंबरेचं रडगाणं अख्ख्या बंदराला पाठ आहे."

डॉक्टर हसल्या, पण त्यांची नजर बिर्थेच्या उजव्या हातावर होती. एवढ्या थंडीत तिने त्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडली होती. त्यांनी मला उचलले.

डाव्या तळहातावर मी फिरलो, तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या. मग उजवा हात. माझे केस जेमतेम टेकले. तिचा चेहरा हलला नाही, पण टाच जमिनीवरून उचलली गेली आणि खुर्ची करकरली. त्या क्षणी मला माझ्याच मऊपणाची भीती वाटली.

डॉक्टर थांबल्या. "आता खरं सांगा. नाहीतर पट्टा बांधून मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल."

त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि वाट पाहिली.

"उकळतं तेल," बिर्थे हळूच म्हणाली. "रात्री चादर लागली तरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय फुंकर घालणार होतास?"

"घातली असती," होल्गर म्हणाला.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. "दाटी मोकळी करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "भाजणं पूर्ण जाईलच, असं वचन देत नाही. त्याचं औषध वेगळं आहे, ते आजपासूनच सुरू करू."

जखम भरल्यावर मला पुन्हा बाहेर काढले. अंगठ्यावर गुदगुल्या. तर्जनीवर गुदगुल्या. मधल्या बोटावर मात्र तिने हात मागे घेतला. होल्गरने मान खाली घातली.

"इथे अजून भाजतंय," बिर्थे कुणी विचारायच्या आत म्हणाली. "पहिल्यापेक्षा कमी, पण भाजतंय. त्याचं काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

मित्रांनो, मला धुऊन, सावलीत वाळवून ठेवले, तर मी अजून पुष्कळ वर्षे टिकेन. मात्र माझ्याकडे बघून 'एवढ्याने काय दुखणार?' असे कुणाला म्हणू नका. ज्याचा हात आहे त्याला विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.